नाणं घेणार कोण?
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मागच्या वार्षिक सभेत सी विंगमधल्या एका चिरंजीवांनी विचारलं, "काका, मेंटेनन्स बिटकॉइनमध्ये का घेत नाही? खरं तर सरकारनेच ते चलन करावं." सगळे हसले. मी बँकेत छत्तीस वर्षं काढलेली, म्हणून उत्तर माझ्याकडे लागतं.

सुट्ट्या पैशांची टंचाई असे तेव्हा डोंबिवलीत दुकानदार रुपयाऐवजी चॉकलेट हातावर ठेवायचा. दुसऱ्या दिवशी तेच चॉकलेट त्याला दिलं तर घ्यायचा नाही! देणं फेडताना समोरच्याला नाकारता येत नाही, ते कायदेशीर चलन. आपल्या नोटेला हे बळ 1934 च्या रिझर्व्ह बँक कायद्याने दिलंय.

एल साल्वादोर या छोट्या देशाने 7 सप्टेंबर 2021 पासून बिटकॉइनला तो दर्जा दिला. लोकांना मोबाइलवर 30 डॉलरचं नाणं फुकट दिलं. बऱ्याच जणांनी ते खर्च केलं आणि पुन्हा डॉलरच वापरू लागले. नोव्हेंबर 2021 मध्ये 69 हजार डॉलरच्या आसपास गेलेला भाव वर्षभरात 16 हजारांवर आला. पुढे नाणेनिधीचं कर्ज हवं होतं, तेव्हा जानेवारी 2025 मध्ये स्वीकारण्याची सक्तीच काढली. आपला सिंकिंग फंड त्यात असता तर लिफ्ट बदलता आली असती का?

मुलांचं एक म्हणणं मात्र खरं आहे. परदेशातून पैसे पाठवायला अजूनही वेळ आणि खर्च फार लागतो. पण त्यासाठी चलन बदलायला नको. आपल्याकडे 2022 पासून क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे. म्हणून ते चलन ठरत नाही. कर लॉटरीच्या बक्षिसावरही आहेच.

आता घरीही न सांगितलेलं सांगतो. 2017 साली एका ओळखीच्या माणसाच्या शब्दावर मी कुठल्याशा 'कॉइन'मध्ये ऐंशी हजार घातले. तीन महिने परतावा आला, मग ॲपच बंद. आयुष्यभर लोकांचे कर्जाचे अर्ज तपासणारा मी! 2018 मध्ये ठाणे पोलिसांनी बनावट क्रिप्टो नाण्याचं एक प्रकरण उघडकीस आणलं. ते पेपरात वाचूनही मी लाजेने गप्प बसलो. तुमच्यापैकी कोणी असंच गप्प असेल तर माझ्याकडे या, अर्ज मी लिहून देतो.

सौ. पहिल्या रांगेत बसल्या आहेत. आज घरी चहा मिळेलसं दिसत नाही.

आणि चिरंजीव, खजिनदार सांगतात, तुमची तीन महिन्यांची बाकी आहे. यूपीआय चालेल.