शुल्क माफ झाले, निवाऱ्याचे काय?

(सव, ता. महाड येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



कागदावरचा हक्क आणि हातात पडलेला हक्क यांतले अंतर महाड परिसराला समजावून सांगण्याची गरज नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, हा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने 1923 मध्ये संमत केला. 1924 मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरीही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे 20 मार्च 1927 रोजी तळ्यावर चालून गेली, तेव्हाच त्या ठरावाला अर्थ आला. उच्च शिक्षणाच्या हक्काची आज अशीच स्थिती आहे.

राज्य शासनाने 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या मुलींना शुल्कात पूर्ण सवलत दिली. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गांतील मुलींना तिचा लाभ मिळतो. निर्णय स्वागतार्ह आहे. परंतु सवची एखादी मुलगी तो हाती घेऊन मुंबईला निघाली, तर काय घडेल? महाडला 1961 पासून महाविद्यालय आहे, लोणेऱ्याला तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, तिथवर एस.टी.ने जाऊन-येऊन शिकता येते. मुंबई मात्र सुमारे 170 किलोमीटरवर आहे. महाविद्यालयाने शुल्क घेतले नाही, तरी राहण्याच्या जागेचा मालक पहिल्याच दिवशी अनामत मागतो, दलाल आपला हिस्सा मागतो, आणि खानावळीचे पैसे आगाऊ द्यावे लागतात. शेतावर किंवा छोट्या दुकानावर चालणाऱ्या घरात एवढी रोकड एकरकमी नसते. जुलै 2021 च्या महापुराने ज्यांचे होते-नव्हते ते नेले, त्यांच्या घरात तर नाहीच.

मागच्या पिढ्यांनी हा प्रश्न आपल्या परीने सोडवला होता. महाड-पोलादपूरची माणसे गिरण्यांत कामाला गेली, तेव्हा गावागावाने परळ-लालबागच्या चाळींत खोल्या धरल्या. महिन्याची वर्गणी भरायची, ट्रंक भिंतीशी ठेवायची, आणि दिवसपाळीचा कामावर गेला की रात्रपाळीच्याने त्याच जागेवर पाठ टेकायची. गावाहून शिकायला आलेल्या मुलालाही त्या खोलीच्या कोपऱ्यात जागा मिळे. मात्र या व्यवस्थेच्या दोन उणिवा सांगितल्याच पाहिजेत. गावकीची खोली बहुधा भावकीची आणि जातीची असे, आणि ती पुरुषांची असे. गावच्या मुलीला तिथे जागा नव्हती.

18 जानेवारी 1982 रोजी गिरणी कामगारांचा ऐतिहासिक संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि या खोल्यांचा आर्थिक आधारच सुटला. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा एकेक तृतीयांश हिस्सा महापालिकेला आणि गृहनिर्माण मंडळाला देण्याची तरतूद केली होती. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरली आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. ज्या भूमीवर विद्यार्थ्यांची वसतिगृहे उभी राहू शकली असती, तिथे मनोरे उभे राहिले.

आता उरला खुला बाजार. एका खोलीत चार खाटा टाकल्या, तर त्यांचे एकत्रित भाडे अनेकदा त्याच खोलीत एका कुटुंबाने दिले असते त्याहून अधिक होते. म्हणजे ज्याच्यापाशी कमी, तो चौरस फुटाला अधिक मोजतो. शिवाय पैसे मोजूनही जागा मिळेलच असे नाही. आडनाव विचारले जाते, ताटात काय असते ते विचारले जाते. परदेशी विद्यापीठांत शिकून आलेल्या डॉ. आंबेडकरांना 1917 मध्ये बडोद्यात जात लपवून पारशी सराईत राहावे लागले, आणि तिथूनही त्यांना हुसकावून लावण्यात आले. तो प्रश्न आज सभ्य भाषेत विचारला जातो, एवढाच फरक.

शासकीय मदतीचे गणितही तपासून पाहावे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी 2016-17 मध्ये स्वाधार योजना सुरू झाली. मुंबई-पुण्यासाठी तिची वार्षिक रक्कम 60,000 रुपये ठरली : भोजनाचे 32,000, निवासाचे 20,000, निर्वाहाचे 8,000. निवासाच्या रकमेला बाराने भागले, तर महिन्याला 1,667 रुपयेही पुरते होत नाहीत. एवढ्यात मुंबईत खाट मिळणे दुरापास्त आहे. उलट, जून 2024 मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने किमान 90 दिवसांच्या निवासासाठी महिना 20,000 रुपयांपर्यंतचे खाजगी वसतिगृहांचे शुल्क करमुक्त केले. करमाफीची मर्यादा आणि मदतीची रक्कम शेजारी ठेवली, की शासनालाही बाजारभाव ठाऊक आहे हे उघड होते.

महाराष्ट्राची परंपरा याहून उदार आहे. राजर्षी शाहूंनी 1901 पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींची मुले एका पंगतीला बसवली. बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 मध्ये सोलापूरला वसतिगृह काढले. पुण्यात 1955 पासून विद्यार्थी सहाय्यक समिती खेड्यांतील गरीब मुलांची सोय करीत आली आहे. वसतिगृह हा शिक्षणाचाच भाग आहे, हे या मंडळींनी ओळखले होते.

म्हणून संघर्षाची मागणी स्पष्ट हवी. निवासभत्ता त्या शहरातील प्रत्यक्ष भाड्याशी जोडावा आणि सत्र सुरू होण्यापूर्वी हाती द्यावा. सार्वजनिक जमिनीच्या प्रत्येक पुनर्विकासात वसतिगृहासाठी, विशेषतः मुलींच्या वसतिगृहासाठी, हिस्सा राखावा.

रचनेचे काम मात्र शासनाची वाट पाहत थांबू नये. ग्रामस्थ मंडळांच्या खोल्या जिथे उरल्या आहेत, तिथे त्या गावच्या सर्व जातींच्या विद्यार्थ्यांना खुल्या व्हाव्यात आणि मुलींसाठी वेगळी जागा घेण्याकरिता मंडळांनी एकत्र यावे. अनामतीसाठी गावातच बिनव्याजी निधी उभारावा. शिक्षण संपवून जाणाऱ्याची परत आलेली अनामत नव्याने येणाऱ्याला द्यावी. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करणे आणि नोंदवणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, हे प्रत्येक पालकाला सांगावे.

बारावीचे निकाल लागले, की पेढे वाटायला कार्यकर्ते जातातच. त्याच दिवशी त्या घरी आणखी एक प्रश्न विचारावा : मुलगी राहणार कुठे? उत्तर मिळाले नाही, तर पक्षाच्या शाखेचे काम तिथूनच सुरू होते.