व्हॉल्व्हची चावी आणि गांवची वही
(पाणीपट्टीचा प्रश्न निघाला असतां ग्रामसभेपुढें एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण)



आजचा वाद आपणां सर्वांस ठाऊक आहे. वरच्या आळीचें म्हणणें, पाणी जमिनीचें, टाकी सरकारची, मग पैसे कशाचे? खालच्या वस्तीचें म्हणणें, आमच्या तोटीला पाणीच येत नाहीं, मग पट्टी कशाची? दोघांचेंहि ऐकून घेतलें. मी हिशेबाचा माणूस. मुलांना जें गणित फळ्यावर घालतों तेंच तुमच्यापुढें घालतों.

हजार माणसांचें गांव धरा. 2019 सालीं सुरू झालेल्या जल जीवन मिशननें माणशीं रोज 55 लीटर हें माप ठरविलें. म्हणजे गांवाला रोज 55,000 लीटर पाणी लागलें. पंप तासाला 10,000 लीटर वर चढवीत असेल तर तो साडेपांच तास चालला पाहिजे. पांच अश्वशक्तीची मोटर तेवढ्या वेळांत 20 युनिटांवर वीज खाते. महिन्याला 600 च्या वर. शिवाय पाणी सोडणाऱ्याचा पगार, टी.सी.एल. पावडर, वर्षांतून एकदां तरी जळणारी मोटर. विहीर, टाकी आणि नळ बांधावयास सरकारनें पैसा दिला. पण रोजचा खर्च गांवाच्या माथीं आहे. बिल थकलें कीं वीज तुटते, आणि एवढी मोठी टाकी कावळ्यांना बसावयाची जागा होऊन राहते.

कोणी म्हणेल, आमचे आजोबा कोठें पाणीपट्टी भरीत होते? भरीत होते, बाबांनो. मोट फुकट चालत नव्हती. चामड्याची मोट फाटली तर चांभार शिवून देई, नाडा मांग वळून देई, चाक सुतार बसवी, आणि सुगीला प्रत्येकाच्या खळ्यावर त्याचें बलुतें पडे. धुळें-नाशिककडे पांझरा व मोसम या नद्यांवर फडाची रीत होती. बंधाऱ्याचें पाणी पाटानें फडांत न्यावयाचें, पाट सर्वांनीं मिळून उपसावयाचा, आणि पाणी वांटण्यास गांवानें पाटकरी व जागल्या नेमावयाचा. शेतकऱ्यानें पाण्यावर हात मारावा असें नव्हे. पाणी देण्याचें काम पाटकऱ्याचें. ही अक्कल आपल्याच बापजाद्यांची आहे, ती कोणा साहेबानें शिकविलेली नाहीं.

पण त्याच बापजाद्यांची दुसरी गोष्टहि लपवितां येत नाहीं. ज्यानें मोट शिवली, ज्यानें नाडा वळला, त्याला त्या विहिरीवर घागर बुडवूं दिली जात नव्हती. जोतीराव फुल्यांनीं 1868 सालीं पुण्यास आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना मोकळा केला, तो हें पाहूनच. 1923 सालीं मुंबई कायदेमंडळांत बोल्यांचा ठराव पास झाला कीं सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत. 1924 सालीं महाड नगरपालिकेनेंहि तसाच ठराव केला. ठराव झाला, पण चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत आलें नाहीं. त्यासाठीं 20 मार्च 1927 रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारों माणसें घेऊन तळ्यावर जावें लागलें, आणि पुढें 1937 पर्यंत कोर्टांत झगडावें लागलें. कागदावरचें पाणी आणि घागरींतलें पाणी यांत एवढें अंतर असतें.

आतां आपल्या गांवाकडे पहा. जात विचारणारा कोणी पाणवठ्यावर उभा नाहीं. परंतु नळ वरच्या आळींतून खालच्या वस्तीकडे जातो, आणि शेवटच्या टोकाला कोण राहतें तें मी सांगावयास नको. टाकीचें पाणी आपल्या वजनानें धांवतें. उंची दहा मीटर असेल तर दर चौरस सेंटीमीटरला एक किलोचा दाब मिळतो, अधिक नाहीं. वाटेंत चाळीस घरांनीं तोट्या उघड्या टाकल्या, दहा घरांनीं टिल्लू पंप लाविले, कीं टोकाला फक्त हवा फुसफुसते. तेथील बाया पहाटे हंडे घेऊन दुसऱ्याच्या विहिरीवर जातात, आणि माझ्या हजेरीपटावर त्यांच्या मुली उन्हाळ्यांत दहाला न येतां साडेअकराला येतात.

टिल्लूवाल्यांनीं आणखी एक ध्यानांत घ्यावें. पंप नळांतलें पाणी ओढतो तेव्हां नळाच्या आंत पोकळी होते, आणि जेथें सांधा गळका असेल तेथून बाहेरचें गटार आंत शोषलें जातें. व्हॉल्व्हच्या खड्ड्यांत साचलेलें पाणी तुम्हीं पाहिलेंच आहे. तेंच आपण आपल्या लेंकरांच्या पेल्यांत ओढून घेतों. खालच्यांचें पाणी पळवावयाचें आणि बदल्यांत जुलाब घरीं आणावयाचे, हा सौदा मला तरी समजत नाहीं.

गळतीचेंहि गणित करा. एका फुटक्या तोटीखालीं 15 लीटरची बादली 10 मिनिटांत भरली, असें समजा. तासाला 90 लीटर, दिवसाला 2,160. नळाला पाणी दिवसांतून दोनच तास असलें तरी 180 लीटर गेलें, म्हणजे तीन माणसांचें पाणी. अशा तोट्या गांवांत किती, तें मोजावयास पोरें पुरेशीं आहेत. वायसर आणावयास आमदाराची चिठ्ठी लागत नाहीं.

पावडरीविषयीं थोडें सांगतों, कारण त्यांत अडाणीपणानें फार घोटाळा होतो. पावडर ताजी व चांगल्या ताकदीची असेल तर 1,000 लीटरला अडीच ग्रॅम धरावी. 55,000 लीटरला सुमारें 140 ग्रॅम. पाणी गढूळ असेल तर अधिक लागते. ती कोरडी टाकीवर भिरकावूं नये. प्लॅस्टिकच्या बादलींत कालवावी, चुना खालीं बसूं द्यावा, आणि वरची निवळ टाकींत ओतावी. नंतर निदान अर्धा तास पाणी सोडूं नये. पोतें उघडें राहिलें तर पावडरीचा जोर उडून जातो. तोंड बांधून, ओल व ऊन लागणार नाहीं अशा जागीं ठेवावें. आणि तपासणी टाकीजवळच्या घरीं करूं नये, शेवटच्या तोटीवर करावी. ओ.टी. चें औषध घातल्यावर तेथें पाणी पिंवळें झालें तरच पावडर टोकापर्यंत पोंचली. मिशनच्या नियमांत गांवोगांव पांच बायांना पाणी तपासावयास शिकवावें असें आहे. आपल्या पांचजणी टोकाच्या वस्तींतल्या असाव्यात असें मी म्हणतों. ज्याचें पोट दुखतें तोच नीट पाहतो.

आतां पाणी सोडणारा. त्याला आठ-आठ महिने पगार न देणारीं गांवें मीं पाहिलीं आहेत. उपाशी माणसाच्या हातीं चावी दिली कीं जो चहा पाजील त्याच्या आळीला पाणी जास्त वेळ. त्याला दोष देण्यांत अर्थ नाहीं. त्याला महिन्याच्या महिन्याला पगार द्या, आणि मग जाब विचारा: व्हॉल्व्ह हळू कां उघडला नाहींस (झटक्यानें उघडला तर पाण्याचा धक्का बसून सांधे निखळतात), विहिरींतलें पाणी तळाला गेलें असतां मोटर कोरडी कां चालविलीस?

आणि वही. पाणी समिती कागदावर आहे, तींत निम्म्या बाया असाव्यात हा नियमहि पाळलेला दिसतो. पण सह्या सोडून त्यांना कोणी वही दाखविली आहे काय? वहींत रोज चारच गोष्टी लिहाव्यात: पंप किती तास चालला, मीटरचा आंकडा, पावडर किती ग्रॅम, कोणत्या आळीला किती वेळ पाणी. जमा-खर्चाचें पान वेगळें. आणि तें दर महिन्याला चावडीवर मोठ्यानें वाचावें, कारण वाचतां न येणारालाहि कान आहेत. ज्या गांवांत हिशेब एकाच्याच कपाटांत राहतो तेथें पट्टी कोणी आनंदानें भरणार नाहीं, आणि भरूंहि नये.

म्हणून माझी सूचना अशी आहे. पट्टी वाढवावी, पण पुढच्या महिन्यापासून नव्हे. आधीं टिल्लू पंप काढावेत, गळक्या तोट्या बसवाव्यात आणि पाण्याची पाळी उलटी करावी: टोकाच्या वस्तीला पहिला तास, टाकीखालच्या आळीला शेवटचा. शेवटच्या तोटीवर सलग पंधरा दिवस पाणी आलें, वहींत तशी नोंद झाली, आणि तेथील दोन बायांनीं त्याखालीं सही किंवा अंगठा केला, कीं वाढीव पट्टी सर्वांना सारखी लागू. विधवा व भूमिहीन घरांना काय सवलत द्यावी, तें सभेनें आजच ठरवावें.

सोमवारीं सकाळीं सातवीचीं मुलें बादल्या व घड्याळ घेऊन तोट्या मोजावयास निघतील. पहिली मोजणी टोकापासून होईल. ज्यांना पहावयाचें असेल त्यांनीं सात वाजतां यावें.