शंखातली बाई
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



प्रत्येकीने घरातील एखाद्या जुन्या वस्तूविषयी पाच-दहा मिनिटे बोलावे, असे आपल्या मंडळात ठरले. कोणी पैठणी आणली, कोणी पितळेचा पानाचा डबा. माझी पाळी आली तेव्हा मी घाबरले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि माझ्याजवळची वस्तू म्हणजे कापसात ठेवलेला बोटभर लांबीचा एक शंखाचा तुकडा. त्यावर एका बाईचे तोंड कोरले आहे. पण त्या तुकड्यापायी माझ्या हातून दोन चुका झाल्या आहेत आणि त्या तुम्हांला सांगाव्यात असे फार दिवस मनात होते.

आमच्या आजेसासूबाई लग्नापूर्वी पुण्याच्या लष्करात एका साहेबाच्या घरी मुले सांभाळीत. 1947 साली ती मंडळी विलायतेला परत निघाली, तेव्हा मडमेने जाताना आपल्या झग्यावरची ही पिन काढून त्यांच्या हातात ठेवली. तपकिरी जमिनीवर पांढरी बाई, केसांत द्राक्षांचे घड नि वेलीची पाने, सभोवती सोन्याची चौकट. जुन्या फोटोंत पारशी बायका आणि आपल्याकडील शिकलेल्या बायकाही खांद्यावर पदराला ब्रूच लावलेल्या दिसतात ना, तसलाच हा ब्रूच. आजेसासूबाईंनी तो पदराला फारसा लावलाच नाही. एवढे सुंदर तोंड म्हणजे देवीच असणार, असे म्हणून त्यांनी तो देवघरात ठेवला. गौरी आल्या की गौरीसमोर ही बाईही बसे. तिला हळदकुंकू वाहायचे. सासूबाईंनी तेच चालविले आणि त्यांच्यामागून मी.

व्हायचे तेच झाले. कुरळ्या केसांच्या खाचांत हळद बसली. एका वर्षी गौरींच्या आदल्या दिवशी देवांची भांडी लिंबू-चिंचेने लख्ख केली, त्याच हाताने मी ही बाईही घासली. हळद पुरती निघाली नाहीच, पण गालावरची चकाकी गेली आणि नाकाचे टोक बोथट झाले. शंख म्हणजे शेवटी चुनाच. लिंबाचे आंबट चुना खाते, हे मला तेव्हा सुचले नाही.

दुसरी चूक तीन वर्षांपूर्वीची. मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती आणि घरात तेवढे पैसे नव्हते. मी ब्रूच घेऊन सराफाकडे गेले. त्याने कसोटीला लावून सोने हिणकस असल्याचे सांगितले, चौकट पक्कडीने उकलली, वजन केले. अर्ध्या तोळ्याहून थोडे जास्त भरले. पैसे मोजून दिले आणि आतला तुकडा माझ्याकडे सरकवून म्हणाला, "बाई, हा शिंपला घेऊन जा, ह्याचे काही येत नाही." त्याने वजनात फसविले असे मी म्हणणार नाही. फी भरली गेली. पण त्याच मुलीने पुढल्या वर्षी कॉलेजच्या ग्रंथालयातून जुन्या दागिन्यांवरचे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणले आणि रोज रात्री जेवणे झाल्यावर मला मराठीत सांगत गेली. ते ऐकताना मला कळले की मी काय मोडून आले.

ह्या कोरीव कामाला कॅमिओ म्हणतात. दोन किंवा अधिक रंगांचे थर असलेला दगड घ्यायचा, वरचा फिका थर तेवढा आकृतीपुरता ठेवायचा आणि बाकीचा कोरून काढून खालचा गडद थर उघडा करायचा. रंग लावलेला नसतो. जो रंग दिसतो तो दगडाचाच. सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी, शिकंदरानंतरच्या ग्रीक राजांच्या काळात ही कला वर आली आणि रोमच्या बादशहांनी ती डोक्यावर घेतली. ह्यासाठी लागणारा सुलेमानी अकीक हिंदुस्थानातूनही तिकडे जाई. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी पुस्तकात लिहिले आहे की पैठणहून असला पट्ट्यापट्ट्यांचा दगड गाड्यांत घालून, रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराला नेत. आपल्या पैठणहून बरे का! पैठणी नेसून मिरवणाऱ्या आपणांपैकी कितीजणींना हे माहीत होते?

आता देवघराची गोष्ट. आजेसासूबाईंची देवी ही देवी नव्हेच. केसांत द्राक्षे आणि वेल असलेली ही बाई म्हणजे बॅकस नावाच्या मद्याच्या देवाची भक्तीण. दारू पिऊन रानावनात नाचणाऱ्या ज्या बायका ग्रीक कथांत आहेत, त्यांतली एक. (हसा, हसा. मीही मुलीसमोर पदर तोंडाला लावून हसले.) तीन पिढ्या आम्ही हिला गौरीपुढे बसवून हळदकुंकू वाहिले.

पण मग पुस्तकात पॅरिसच्या मोठ्या कॅमिओची हकीकत निघाली आणि मला आजेसासूबाईंची लाज वाटेनाशी झाली. हा कॅमिओ चांगला 31 सेंटीमीटर उंच, पाच थरांच्या दगडात कोरलेला, टायबेरिअस बादशहा व त्याच्या घराण्याचा. प्राचीन कॅमिओंत सर्वांत मोठा तोच. पुढे तो फ्रान्सच्या राजांच्या प्रार्थनामंदिरात गेला आणि शेकडो वर्षे लोक त्याला बायबलातल्या योसेफाचे चित्र समजून नमस्कार करीत राहिले. पाइरेस्क नावाच्या विद्वानाने 1620 साली ओळखले की हे रोमचे बादशहा आहेत. म्हणजे राजांच्या पुजाऱ्यांचे जे झाले तेच आमच्या देवघरात झाले. आणि एक सांगू? पूजेत होता म्हणूनच तो दगड फुटला-विकला गेला नाही, असे मला वाटते. आमची बाईही देवघरात होती तोवर शाबूत होती.

प्रत्येक काळाने ह्या तोंडांना आपल्या मनासारखे वळण दिले. इटलीत पंधराव्या शतकात जुन्या रोमचे वेड आले, तेव्हा फ्लॉरेन्सच्या लोरेन्झो मेडिचीने जुने कॅमिओ जमविले. आपल्याकडे शहाजहानचेही तोंड असे कोरले गेले. तो कॅमिओ आज लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहे. अठराव्या शतकात व्हेसूव्हिअसच्या राखेखाली गाडली गेलेली हर्क्युलेनिअम व पाँपेई ही गावे खणून काढू लागले आणि साऱ्या युरोपला पुन्हा ग्रीक-रोमन नाक-डोळ्यांची हौस लागली. नेपोलियन स्वतःला रोमच्या बादशहांचा वारस समजे. त्याच्या राणीने, जोसेफीनने, मोत्यांत बसविलेले कॅमिओ डोक्यावर घातले. तिच्या नातीबरोबर स्वीडनला गेलेला कॅमिओंचा मुकुट तिथल्या युवराज्ञी व्हिक्टोरिया यांनी 2010 साली आपल्या लग्नात घातला. आपण आईची नथ घालतो तसेच हे.

एका कॅमिओपाशी मात्र मुलगी थांबली आणि मीही. इंग्लंडात वेजवूड नावाचा चिनीमातीची भांडी करणारा मोठा कारखानदार होता. त्याने 1787 साली देवदेवता सोडून एक निराळेच पदक काढले. त्यावर बेड्या घातलेला एक काळा गुलाम गुडघे टेकून, हात जोडून विचारतो आहे की मी माणूस नव्हे काय. बायकांनी ही पदके कंकणांत बसविली, केसांच्या पिनांत लावली. त्या काळी त्यांना मत देण्याचा हक्क नव्हता. पण चहाला जमलेल्या चारचौघींत अंगावरचा दागिनाच बोलत असे. इंग्लंडने 1807 साली गुलामांचा व्यापार बंद केला आणि 1833 साली गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला. दागिन्याने कायदा झाला असे नव्हे, पण दागिनाही कामी आला.

माझी बाई शंखात कोरलेली, म्हणजे बहुधा एकोणिसाव्या शतकातली. आगगाड्या व आगबोटी झाल्या, तशा मध्यम स्थितीतल्या बायकाही इटली पाहायला जाऊ लागल्या. त्यांना आठवण म्हणून काही न्यावे असे वाटे आणि अकीक परवडत नसे. नेपल्सजवळ, त्याच व्हेसूव्हिअसच्या पायथ्याशी, टोरे देल ग्रेको नावाचे गाव आहे. तिथले लोक समुद्रातून पोवळे काढणारे. ते शंख कोरू लागले. 1878 साली तिथे ह्या कामाची शाळाही निघाली आणि अजून त्या गावात हे काम चालते. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून व वेस्ट इंडीजकडून मोठाले जाड शंख येतात. त्यांचे तुकडे कापून लाकडी दांडीवर राळेने चिकटवायचे, पेन्सिलीने आकृती काढायची आणि टोकदार कलमाने हळूहळू कोरायचे. घरे, पूल, फुले, मुली असेही नमुने निघाले. राणी व्हिक्टोरियाचा नवरा 1861 साली वारला, तेव्हा सुतकाचे काळे दागिने आले, त्यांतही कॅमिओ होते.

आता माझ्या चौकटीचे. तिच्या कडेला पीळ दिलेली तार आणि बारीक रवे होते, आपले सोनार बसवितात तसले. रोमला कॅस्टेलानी नावाच्या सोनारांच्या घराण्याने थडग्यांत सापडलेल्या जुन्या दागिन्यांवरून हे काम पुन्हा चालू केले होते आणि ते पाहून युरोपभर तसल्या चौकटी निघाल्या. शिवाय सासूबाई नेहमी तक्रार करीत की ही पिन चौकटीच्या बाहेर येते आणि पदरातून खांद्याला टोचते. पुस्तकात लिहिले आहे की पिनचे टोक बाहेर डोकावते आणि अडकवायला नुसता आकडा असतो, ती पिन बहुधा 1900 च्या आधीची. जे टोचत होते तेच तिचे वय सांगत होते, आणि मी ते वितळवायला देऊन आले.

कोणाकडे असा ब्रूच असला तर उजेडासमोर धरून पाहा. शंख असला तर त्यातून उजेड झिरपतो, आणि पाठ किंचित खोलगट असते. साच्यातल्या प्लॅस्टिकच्या बाईला कलमाचे ओरखडे नसतात, ती हाताला लवकर कोमट लागते. खरा शंख उन्हात ठेवू नका; वर्षातून एकदा बिनरंगी तेलाचा थेंब बोटावर घेऊन पुसा, म्हणजे तडकत नाही. लिंबू, चिंच, व्हिनेगार ह्यांपासून दूर.

मी तो तुकडा सोबत आणला आहे. मुलगी म्हणते की पहिला पगार झाला की चांदीची चौकट करू. मी म्हटले, आधी पगार तर होऊ दे. गौरींच्या वेळी ह्या बाईला पुन्हा बसवावे की नाही, ह्यावर सासूबाईंचे नि माझे अजून एकमत नाही. त्या म्हणतात, दारू पिणारी असली तरी आपल्या घरी तीन पिढ्या राहिली. आता पहिल्या रांगेपासून डबी पाठविते. कडेने धरा, खिडकीच्या उजेडात पाहा, आणि कुंकवाचे बोट असेल तर आधी पदराला पुसा.