सैल गिअर लिव्हर

न्यूट्रलमध्ये गिअरचा दांडा डावी-उजवीकडे थोडा हलतोच. तो दोष नव्हे. गिअर टाकल्यावरही तो ढिला वाटत असेल, तर मात्र कारण शोधावे लागते. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या बहुतेक आधुनिक गाड्यांत दांडा आणि गिअरबॉक्स यांना दोन केबल जोडतात: एक आडवी हालचाल पोचवते, दुसरी पुढे-मागे. केबलच्या टोकांना प्लॅस्टिकचे किंवा रबरी बुश असतात आणि बहुधा तेच आधी झिजतात.

तपासणी सोपी, पण दोन माणसांची. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला. एकाने क्लच दाबून दांडा हलवायचा, दुसऱ्याने बॉनेट उघडून गिअरबॉक्सवरचा आर्म पाहायचा. दांडा हलतो आणि आर्म जागचा हलत नाही, म्हणजे दोष मधल्या जोडणीत. अनेकदा एवढासा बुश बदलून काम भागते. लगेच गिअरबॉक्स उतरवण्याची घाई नको. दोन्ही बरोबर हलत असतील आणि तरीही चालत्या गाडीत गिअर आपोआप सुटत असेल, तर संशय गिअरबॉक्सच्या आतल्या झिजेवर किंवा इंजिनच्या माउंटिंगवर जातो. ॲक्सिलरेटर दाबताच दांडा झटका खात असेल, तर आधी माउंटिंग पाहावे.