शजरा आणि रोमा



नालासोपाऱ्यात आमच्या घरी सोयरीक आली की शजरा, म्हणजे वंशावळ, बाहेर निघते. आपण थेट अरबांचे, असं चाचा ठासून सांगतात. गेल्या वर्षी याच कागदापायी चुलत बहिणीचं लग्न मोडलं.

मला युरोपातले रोमा आठवतात. लोकांनी त्यांना इजिप्तचे ठरवलं; ‘जिप्सी’ नाव त्यातूनच आलं. 1782 मध्ये जर्मनीच्या रूडिगरने त्यांची भाषा तपासली, तर गाठ हिंदुस्थानशी जुळली. पाणी म्हणजे ‘पानी’, कान म्हणजे ‘कान’. सात, आठ, नऊ मात्र ग्रीक, वाटेत उचललेले. आम्हा प्रोग्रामरना ही जुनी लॉग फाइलच वाटते.

वाद पुढे आहे: हिंदुस्थानातले कोण? काही म्हणतात राजपूत लढवय्ये. बरेच भाषातज्ज्ञ मात्र ‘रोम’ शब्द ‘डोम’शी जोडतात, म्हणजे गाण्याबजावण्यावर जगणारी, खालची ठरवलेली जात. पूर्वज उंचच हवेत हा हट्ट तिथेही!

दहाव्या शतकात अल-मसूदीने चौलच्या मुसलमानांबद्दल लिहिलं. त्यात सिराफ-ओमानचे होते, तसे इथेच जन्मलेलेही.

आमच्या शजऱ्यात एकाही बाईचं नाव नाही. त्या कुठल्या, असं मी चाचांना विचारलं.

“इथल्याच असणार,” ते म्हणाले.