एसी रात्रभर चालू ठेवावा का?

आपल्यातले कितीतरी जण मुंबईत रात्री दुकाने, कचेऱ्या राखतात. मालक सांगून जातात, "एसी चालूच असू द्या. सकाळी नव्याने लावला तर जास्त वीज खातो." आम्हांला हे पटत नाही.

एसी खोलीतली उष्णता उपसून बाहेर टाकतो. होडीतले पाणी उपसावे तसा. खोली जितकी गार, तितकी बाहेरची उष्णता भिंतींतून जोराने आत शिरते. रात्रभर ती उपसत बसावी लागते. बंद केला, तर खोली बाहेरइतकी तापली की शिरणे थांबते. मग सकाळी एकदाच काय ते उपसायचे.

१,५०० वॅटचा एसी तासभर अखंड चालला, तर दीड युनिट जळते. तेवढ्या विजेत ७५ वॅटचा पंखा २० तास फिरतो!

घरी लेकरू उकाड्याने तळमळत असेल, तर खुशाल लावा. पण २४ अंशांवर. गोधडी ओढावी लागली, की आकडा फार खाली गेला म्हणून समजा.