चॅनेलच्या सातबाऱ्यावर नाव कुणाचं?

(छत्रपती संभाजीनगर येथे बचत गटांच्या महिलांपुढे केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मला आज ‘इंटरनेटवरून व्यवसाय’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. मी त्यातली तज्ज्ञ नाही. एम.एस.डब्ल्यू. केलं आणि गेली दहा वर्षं याच शहरातल्या वस्त्यांमधून काम करते आहे. म्हणून सुरुवात माझ्या स्वतःच्या चुकीपासून करते.

मुकुंदवाडीच्या बाजूला आमचा एक गट आहे. येसर, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी करणाऱ्या बायकांचा. २०२० साली टाळेबंदीत आठवडी बाजार बंद पडले, तेव्हा गटातल्या एका ताईंना मीच म्हटलं, “मसाला भाजताना व्हिडिओ काढा, यूट्यूबवर टाका.” त्या म्हणाल्या, “मॅडम, मला त्यातलं काय कळतंय?” मी म्हटलं, “पुतण्या आहे ना, त्याला करू द्या.”

पुतण्याने केलं. चॅनेल त्याच्या ईमेलवर, व्हॉट्सॲप त्याच्या नंबरवर, पैसे त्याच्या खात्यात. व्हिडिओत हात मात्र ताईंचे, आवाज ताईंचा. दोन वर्षं मागणी चांगली वाढली. मग घरात वाटणीवरून वाद झाला आणि एका रात्रीत पासवर्ड बदलला. ताईंचं गिऱ्हाईक गेलं, नाव गेलं. त्या मला एवढंच म्हणाल्या, “जमिनीचं बी असंच हाय मॅडम. राबायला मी, कागदावर ते.”

त्या वाक्याने माझे डोळे उघडले. शेतकरी संघटनेने शरद जोशींच्या नेतृत्वाखाली १९८९-९० च्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम घेतला. नवऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करावा, हे गावोगाव सांगितलं. बाई शेतात राबतेच, प्रश्न सातबाऱ्याचा होता. आज तोच प्रश्न मोबाइलमध्ये आला आहे. आपण ‘महिलांना डिजिटल करा’ म्हणतो, पण खातं कुणाच्या नावावर आहे हे विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

इथे मालकी तीन ठिकाणी असते. पहिली, चॅनेल ज्या ईमेलवर उघडलं ते खातं. दुसरी, पैसे जमा होतात ते बँक खातं. तिसरी, ज्याकडे कुणाचंच लक्ष नसतं, ती म्हणजे पत्ता. त्याला डोमेन नेम म्हणतात. वर्षाला काही पैसे भरून हे नाव आपल्या नावावर नोंदवता येतं. ते देवनागरीतही मिळतं. ‘डॉट भारत’ हा शेवट असलेले पत्ते २०१४ पासून सुरू झाले.

पत्त्याला किती किंमत असते, बघा. प्रशांत महासागरात तुवालू नावाचा देश आहे. लोकसंख्या जेमतेम अकरा हजार, म्हणजे आपल्याकडचं एक मोठं गाव. देशाच्या नावावरून त्यांच्या वाट्याला ‘डॉट टीव्ही’ ही अक्षरं आली. व्हिडिओवाल्या कंपन्यांना ती हवी होती. तुवालूने ती विकून टाकली नाहीत, करार करून वापरायला दिली. त्या उत्पन्नाच्या आधारावर २००० साली हा देश संयुक्त राष्ट्रसंघाचा सदस्य झाला. नाव स्वतःकडे ठेवलं म्हणून हे जमलं.

उलट उदाहरण आपलंच आहे. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. खेड्यापाड्यातल्या कितीतरी बायकांचे प्रेक्षक एका दिवसात हरवले. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा विषय. दुसऱ्याच्या ओसरीवर दुकान मांडलं की ओसरी कधीही बंद होऊ शकते, एवढं लक्षात घ्या. यूट्यूब, फेसबुक, इन्स्टाग्राम या सगळ्या ओसऱ्याच आहेत. तिथे जरूर बसा, पण पाकिटावर छापायचा पत्ता आपला असू द्या. उद्या ओसरी बदलली तरी गिऱ्हाईक त्याच पत्त्यावर येईल.

घरच्या पोरांची मदत घेऊ नका असं मी म्हणत नाही. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे आजी ‘आपली आजी’ या चॅनेलमुळे घराघरांत पोचल्या, त्या नातवाच्या साथीने. २०२० मध्ये ते चॅनेल हॅक झालं आणि काही दिवसांनी परत मिळालं. मदत आणि मालकी या दोन गोष्टी आहेत, इतकंच माझं म्हणणं.

आणखी एक. जाहिरातीच्या पैशावर विसंबू नका. यूट्यूबवर जाहिरातीतला वाटा मिळायला एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास पाहिलं जाणं, ही साधारण अट आहे. तोवर चूल कशी पेटेल? व्हिडिओ ही दवंडी आहे, विकायचा तो मसालाच.

काही जणी म्हणतील, “नाव मागितलं की घरात भांडण होतं.” होतं, मला माहीत आहे. सातबाऱ्याच्या वेळीही झालंच होतं. म्हणून हे एकटीने मागू नका, गटाने ठरवा. गटाच्या नावाने ईमेल काढा. पासवर्ड दोघींना ठाऊक असू द्या. पैसे गटाच्या खात्यात येऊ द्या. पत्ता गटाच्या नावावर नोंदवा आणि दरवर्षी नूतनीकरणाची तारीख इतिवृत्ताच्या वहीत लिहा. ती चुकली तर नाव दुसरा कुणीही घेऊ शकतो.

त्या ताईंनी आता नव्याने सुरुवात केली आहे. जुनं चॅनेल परत मिळालं नाही. प्रेक्षक मोजकेच आहेत. पण या वेळी खातं उघडताना फोन त्यांच्या हातात होता आणि मी नुसती शेजारी बसले होते.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपला फोन आणा. व्याख्यान होणार नाही. कुणाचं खातं कुणाच्या नावावर आहे, एवढंच आपण एकेक करून तपासू.